दोन दारांचं घर : न्यू यॉर्कच्या युद्धपूर्व सहकारी इमारती

आजचा विषय घर हा आहे, आणि तेही परक्या शहरातलं. न्यू यॉर्कमध्ये घरांच्या जाहिरातींत ‘प्री-वॉर’ हा शब्द फार चालतो. वॉर म्हणजे इथे दुसरं महायुद्ध. त्याआधी बांधलेली इमारत ती प्री-वॉर. आपण तिला युद्धपूर्व म्हणू. हा शब्द जाहिरातीत आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही गोष्टी आपोआप उभ्या राहतात : उंच छत, जाड भिंती, लाकडी जमीन, भिंतीतली शेकोटी, ऐसपैस खोल्या. खरं तर ‘युद्धपूर्व’ हा नुसता काळाचा उल्लेख. पण तिथे तो गुणवाचक झाला आहे. आपल्याकडे ‘जुन्या काळचं सागवान’ म्हटल्यावर जो भाव येतो, तोच.

या इमारतींबद्दल दोन प्रकारचं लेखन भरपूर मिळतं. एक कौतुकाचं, दुसरं किमतीचं. समीक्षा मात्र त्या मानाने कमी. समीक्षा म्हणजे दोष काढणं नव्हे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि तिथली एक सवय अशी की समोर आलेल्या विधानाला विचारायचं : बाबा रे, तू नेमकं काय गृहीत धरलं आहेस? घराचा नकाशा हेही एक विधानच असतं. माणसं कशी राहतात, कोण कोणाला दिसावं, कोणाचा आवाज कोणाच्या कानी पडू नये, याबद्दलचं विधान. ते विटा आणि गिलाव्यात केलेलं असल्यामुळे खोडता लवकर येत नाही, एवढाच फरक. म्हणून आज आपण नकाशा वाचणार आहोत.

आधी ‘सहकारी’ या शब्दाचा उलगडा करू. न्यू यॉर्कच्या को-ऑपमध्ये तुम्ही घर विकत घेत नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, त्या कंपनीचे शेअर तुम्ही घेता, आणि त्या शेअरांच्या जोरावर एका विशिष्ट घरात राहण्याचा दीर्घ मुदतीचा करार तुम्हाला मिळतो. घर जितकं मोठं तितके शेअर जास्त, आणि दरमहाच्या खर्चातला वाटाही जास्त. मुंबई-पुण्यातल्या श्रोत्यांना हे परकं वाटणार नाही. आपल्याही सोसायटीत आपल्या हाती शेअर सर्टिफिकेट असतं, इमारत सोसायटीची असते, आणि आपण सभासद म्हणून राहतो. फरक पुढे येईलच.

ही कल्पना तिथे रुजली १८८० च्या सुमारास. तोवर न्यू यॉर्कच्या सुखवस्तू माणसाला एकाच छपराखाली अनेक कुटुंबांनी राहणं म्हणजे गरिबीचं लक्षण वाटे. तशा इमारतींना टेनेमेंट म्हणत. आपल्या चाळीच्या जवळचा शब्द, पण हवा आणि उजेड चाळीपेक्षाही कमी. १८७० साली रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुकाराने ‘स्टाइव्हसंट’ नावाची इमारत बांधली आणि पांढरपेशांना पटवलं की मजल्यावर राहूनही प्रतिष्ठा टिकते. पॅरिसमध्ये तसं राहतात म्हणून त्या घरांना ‘फ्रेंच फ्लॅट’ म्हणू लागले. पुढे फिलिप ह्यूबर्ट याने ‘होम क्लब’ काढले : काही कुटुंबांनी पैसे एकत्र करायचे, इमारत बांधायची, काही घरं भाड्याने देऊन त्यातून खर्च भागवायचा. १८८१ ची ‘रेम्ब्रांट’ ही त्यातली सुरुवातीची. कलावंतांच्या वास्तव्यामुळे पुढे गाजलेलं चेल्सी हॉटेलसुद्धा १८८० च्या दशकात अशाच सहकारी इमारतीच्या रूपाने सुरू झालं होतं. ह्यूबर्टच्या शब्दातला ‘क्लब’ लक्षात ठेवा. क्लबात सगळ्यांना प्रवेश नसतो.

आता नकाशाकडे येऊ. या प्रकाराचा सर्वांत कसलेला कारागीर म्हणजे रोझारिओ कँडेला. १८९० साली सिसिलीत जन्मलेला, गिलाव्याचं काम करणाऱ्या बापाचा मुलगा. अमेरिकेत आला, कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली वास्तुकलेची पदवी घेतली, आणि विसाच्या दशकात फिफ्थ आणि पार्क ॲव्हेन्यूवर एकामागून एक इमारती उभ्या केल्या. ९६० फिफ्थ, ८३४ फिफ्थ, ७२०, ७७० आणि ७७८ पार्क. आणि सर्वांत नावाजलेली ७४० पार्क ॲव्हेन्यू, जी आर्थर लूमिस हार्मन यांच्या सोबतीने केली आणि १९३० साली, म्हणजे शेअर बाजार कोसळल्यानंतर, उघडली. भली थोरली इमारत, पण घरं अवघी ३१. त्यातली कित्येक दोन मजली, एखादं तीन मजली. म्हणजे आभाळात उचलून ठेवलेले बंगलेच म्हणा ना.

कँडेलाच्या घरात शिरायची रीत बघा. लिफ्ट उघडते ती लांबलचक व्हरांड्यात उघडत नाही. एका लहानशा दालनात उघडते, आणि त्या दालनावर एकाच किंवा फार तर दोन घरांचं दार असतं. दार उघडलं की थेट बैठकीची खोली येत नाही. मध्ये एक प्रशस्त चौक लागतो, त्याला तिथे गॅलरी म्हणतात. आपल्याकडे गॅलरी म्हणजे बाहेर डोकावणारा सज्जा. तिथे उलट, घराच्या पोटातलं दालन. या दालनाला स्वतःचं काम काहीच नाही. इथे कोणी झोपत नाही, जेवत नाही. पण इथे उभं राहिलं की सगळं घर कळतं : समोर बैठक, एका बाजूला ग्रंथालय, दुसऱ्या बाजूला भोजनगृह. दारं समोरासमोर येतील अशी आखलेली असतात, म्हणून एका खोलीतून दुसरीतून तिसरीपर्यंत नजर जाते आणि शेवटी खिडकीच्या उजेडावर टेकते.

हे उत्तम आहे, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. ज्या जागेचा काही उपयोग नाही तिच्यावर वास्तुकाराने चौरस फूट खर्च केले आहेत, कारण बाहेरून आत येणं ही क्रिया त्याने महत्त्वाची मानली. रस्त्यावरचा माणूस आणि घरातला माणूस यांच्यात अंतर असतं, आणि ते ओलांडायला चार पावलं लागतात, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या वाड्याला ते ठाऊक होतंच. दिंडी, देवडी, चौक, ओसरी, मग माजघर. पाहुणा जितका जवळचा तितका आत. आजच्या फ्लॅटचं दार उघडलं की सोफ्यावर पाय पसरलेला घरमालक थेट दिसतो. जागा वाचली खरी, पण उंबरठा गेला.

दुसरा गुण शांततेचा. लोखंडी सांगाडा, त्यात भाजक्या मातीच्या किंवा जिप्समच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंती, वर गिलाव्याचे थर, आणि मजल्यामजल्यामध्ये जाड भराव. या वजनामुळे शेजारच्या घरातला पियानो इकडे फारसा ऐकू येत नाही. युद्धानंतर पातळ पत्र्यांच्या आणि तयार बोर्डांच्या भिंती आल्या आणि हे सुख संपलं. एकांत हा चैनीचा विषय आहे असं आपण समजतो. खरं तर विचार करण्याची ती पूर्वअट आहे.

तिसरी गोष्ट खिडक्यांची. कँडेलाच्या इमारती बाहेरून नीट पाहिल्या तर खिडक्यांची रांग मध्येच मोडते. कारण तो आतून बाहेर आखत जाई. खोलीला खिडकी जिथे हवी तिथे ती, मग बाहेरचं रूप कसंही सावरायचं. एका मजल्याचं घर, शेजारी दोन मजल्यांचं, त्यावर आडवं तिसरं, अशी ती एकमेकांत अडकवलेली असत. महामंदीत काम आटलं तेव्हा हाच गृहस्थ गुप्तलेखनाच्या अभ्यासाकडे वळला आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. नकाशे आखणाऱ्या डोक्याला हा छंद जडावा यात नवल नाही.

इथपर्यंत कौतुक. आता त्याच नकाशावर बोट थोडं मागच्या बाजूला सरकवू.

कँडेलाच्या घराचे तीन भाग असतात, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत हेच त्याचं मोठं कसब मानलं जातं. पहिला भाग पाहुण्यांचा, दुसरा झोपायच्या खोल्यांचा, तिसरा चाकरीचा. तिसऱ्यात स्वयंपाकघर, पॅन्ट्री, नोकरांची बसायची-जेवायची जागा, आणि मग एका अरुंद बोळावर ओळीने नोकरांच्या खोल्या. मालकिणीच्या निजायच्या खोलीत एखादी चाळीतली बिऱ्हाडाची खोली बसेल. नोकराच्या खोलीत जेमतेम पलंग आणि कपाट. बैठकीच्या खिडक्या बागेकडे किंवा रुंद रस्त्याकडे, नोकराची खिडकी मागच्या चौकाकडे. आणि या भागाला स्वतंत्र दार, स्वतंत्र जिना, स्वतंत्र लिफ्ट. भाजीपाला, कोळसा, कचरा आणि स्वयंपाकीण एकाच वाटेने आत येत. घरात अनेक नोकर वावरत, तरी पाहुण्याला त्यांतला फक्त तोच दिसे ज्याला दिसण्याची नेमणूक होती.

‘त्या काळी तसंच होतं,’ असं यावर म्हणता येईल. खरं आहे. पण आमचा मुद्दा नोकर ठेवण्याचा नाही, नकाशाच्या सौंदर्याचा आहे. पाहुण्याला जो सहजपणा, जो मोकळेपणा जाणवतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी अदृश्य होण्यावर उभा आहे. भोजनगृह इतकं निवांत का? कारण खरकटी भांडी पॅन्ट्रीच्या दुहेरी दारामागे नाहीशी होतात. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये घराची व्याख्या करतानाच मालक आणि दास असे दोन घटक धरले, आणि दासाला जिवंत साधन मानलं. कँडेलाचा नकाशा त्याच व्याख्येचं विसाव्या शतकातलं, वाफेच्या उष्णतेसकट केलेलं रेखाटन आहे. फरक एवढाच की अॅरिस्टॉटल ते उघड बोलला; नकाशा ते भिंतीआड ठेवतो.

आणि आपण फार उंचावरून बोलू नये. वाड्यालाही मागचं दार होतं. त्या दाराने कोण यायचं, पुढच्या दाराने कोणी यायचं नाही, हे जातीने ठरलेलं होतं. तिथे चाकरीचा जिना, इथे परसदार. ओसरीचं कौतुक करताना परसदार विसरणं ही आपल्या वाडा-स्मरणाची नेहमीची खोड आहे.

आता ‘सहकारी’ शब्दाकडे परत येऊ. या इमारतींत शेअर घ्यायचे तर नुसते पैसे पुरत नाहीत. संचालक मंडळाने तुम्हाला पसंत करावं लागतं. अर्ज, उत्पन्नाची कागदपत्रं, ओळखीच्यांची पत्रं, आणि मग मुलाखत. मंडळ नकार देऊ शकतं आणि कारण सांगण्याचं बंधन साधारणपणे त्याच्यावर नसतं. १९७९ साली राजीनामा दिलेले राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनाही मॅनहॅटनच्या को-ऑपमध्ये घर मिळालं नाही. शेवटी त्यांनी स्वतंत्र घर घेतलं. ही गंमत म्हणून सांगतात. पण गंमत नसलेला इतिहास मोठा आहे. युद्धापूर्वी पूर्वेकडच्या नामांकित इमारतींपैकी अनेकांत ज्यूंना घर मिळत नसे, आणि कृष्णवर्णीय माणूस मागच्या लिफ्टनेच आत जाई. आज वंश-धर्मावरून नकार देणं बेकायदा आहे. पण कारण सांगायचंच नसेल, तर भेदभाव सिद्ध कशाने करायचा?

इथे आम्हाला नकाशा आणि नियम यांचं नातं दिसतं. घराच्या आत जे काम ती गॅलरी करते, तेच काम इमारतीसाठी संचालक मंडळ करतं : आलेल्याला थांबवणं, न्याहाळणं, आणि मग कोणत्या दाराने पाठवायचं ते ठरवणं. घरातला उंबरठा आम्हाला हवाहवासा वाटला. मग इमारतीचा उंबरठा का खटकावा? कारण साधं आहे. माझ्या घरात कोणी यावं हे ठरवताना मी माझ्या एकांताचं रक्षण करतो. शहरात कोणी राहावं हे ठरवताना मी दुसऱ्याच्या नागरिकत्वाला हात घालतो. पहिला अधिकार खासगी, दुसरा सार्वजनिक. को-ऑपची अडचण अशी की ती सार्वजनिक अधिकार खासगी कंपनीच्या कपड्यात वापरते.

न्यायालयांनी हे कपडे मान्य केले आहेत. वन फिफ्थ ॲव्हेन्यू ही १९२७ ची इमारत. तिथल्या एका भागधारकाला स्वयंपाकघर नव्याने करताना भिंतीतला वाफेचा उभा नळ थोडा हलवायचा होता. मंडळाने अडवलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० साली निकाल लागला तो मंडळाच्या बाजूने. तत्त्व असं ठरलं की मंडळाने अधिकारात राहून, प्रामाणिकपणे, संस्थेच्या हितासाठी निर्णय घेतला असेल तर न्यायालय त्याच्या शहाणपणाची उलटतपासणी करणार नाही. कंपनीच्या संचालकांना जी मुभा तीच यांना. २००३ साली ४० वेस्ट ६७ व्या रस्त्यावरच्या इमारतीबाबत हेच तत्त्व पुढे नेलं गेलं, आणि त्रासदायक ठरलेल्या भागधारकाला घराबाहेर काढण्याचा अधिकारही मान्य झाला. वाफेचा नळ सगळ्यांच्या घरांतून जातो, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा हक्क, हे आम्हाला पटतं. पण माणूस म्हणजे वाफेचा नळ नव्हे.

एवढ्यावर थांबलो तर ‘सहकार म्हणजे श्रीमंतांचं सोंग’ असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा ठरेल. त्याच शहरात, त्याच काळात, त्याच शब्दाखाली दुसरं काही घडत होतं. १९१६ साली ब्रुकलिनच्या सनसेट पार्क भागात फिनलंडहून आलेल्या कामगारांनी ‘आल्कु’ नावाची सहकारी इमारत उभी केली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ आरंभ. आणि १९२७ साली ब्राँक्समध्ये, व्हॅन कॉर्टलंड पार्कच्या कडेला, कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या ‘अमॅल्गमेटेड’ संघटनेने एब्राहम कझान यांच्या नेतृत्वाखाली ३०३ घरांची वसाहत उघडली. वास्तुकार स्प्रिंगस्टीन आणि गोल्डहॅमर. पैशाची रचना अशी : खोलीमागे सुमारे ५०० डॉलर भाग, आणि दरमहा खोलीमागे सरासरी ११ डॉलर. राज्याच्या १९२६ च्या कायद्याने करात सूट दिली, त्या बदल्यात नफ्यावर मर्यादा. आणि सर्वांत महत्त्वाचं : घर सोडताना भाग परत करायचा तो मूळ किमतीला. बाजारभावाने विकून नफा नाही.

आता हाही नकाशा वाचू. इथे गॅलरी नाही. दारातून आत आलं की छोटासा चौकोन आणि लगेच खोल्या. नोकरांची खोली नाही, मागची लिफ्ट नाही. मुळात या पहिल्या इमारती लिफ्टशिवायच्या, पायऱ्या चढून जायच्या. मग ती मोकळी, निरुपयोगी, सुंदर जागा गेली कुठे? ती बाहेर आली आहे. इमारती कडेकडेने उभ्या आणि मधली जमीन बागेसाठी सोडलेली. खोल्यांची रचना अशी की उजेड आणि वारा आरपार जावा. ज्या कामगारांनी टेनेमेंटच्या काळोख्या, बिनखिडकीच्या खोल्यांत शिलाई केली होती, त्यांच्यासाठी ही बाग हेच दर्शनी दालन होतं. कँडेलाने घराच्या पोटात जो चौक ठेवला, तो इथे सगळ्यांच्या मध्ये ठेवला. भोवती ग्रंथालय, बालवाडी, दुधाची एकत्र खरेदी. महामंदीत शेजारच्या कित्येक इमारती सावकारांच्या ताब्यात गेल्या. ही वसाहत टिकली, वाढली, आणि आज तिथे सुमारे दीड हजार घरं आहेत.

समीक्षा करायची तर इथेही करायला हवी. बाहेरून या इमारतींनी इंग्लंडच्या ट्यूडर घरांचं सोंग घेतलं आहे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू शिंप्यांना इंग्रज जमीनदाराच्या घराशी काय देणंघेणं? उसनी प्रतिष्ठा ती. शिवाय आत वळलेली बाग शेजारच्या वस्तीकडे पाठ फिरवते. आणि सभासद बव्हंशी एकाच समाजातले, एकाच धंद्यातले. म्हणजे ‘आम्ही’चा परीघ इथेही होताच. याच भागात ॲलर्टन ॲव्हेन्यूवर कम्युनिस्ट विचारांच्या कामगारांनी बांधलेली वसाहत मात्र तिसाच्या दशकातच कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं देत होती. तिची मालकी चाळिशीच्या दशकात गेली, कारण सभासदांनी भाडं वाढवायला नकार दिला. मोकळं दार ठेवणारी संस्था हिशेबात बुडाली आणि हिशेब सांभाळणारी टिकली. हा धडा कडू असला तरी गिळायला हवा.

तिसरं उदाहरण हार्लेमचं. १९२८ च्या सुमारास तिथे ‘डनबार अपार्टमेंट्स’ पूर्ण झाल्या. अँड्र्यू थॉमस वास्तुकार, ५११ घरं, सहा इमारती, मध्ये बाग, आणि सभासद कृष्णवर्णीय. ड्यू बॉय, पॉल रोबसन, ए. फिलिप रँडॉल्फ अशी माणसं तिथे राहिली. पैसा होता जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांचा. महामंदीत सभासदांचे हप्ते थकले, १९३६ साली रॉकफेलर यांनी इमारत परत ताब्यात घेतली, आणि सहकारी घरं भाड्याची झाली. त्याच दशकात रॉकफेलर स्वतः राहायला गेले ते ७४० पार्कमध्ये, कँडेलाच्या तीन मजली घरात. यात आम्ही कोणाला खलनायक ठरवत नाही. डनबार बांधणं हे त्या काळी धाडसच होतं. पण बागेचा नकाशा कितीही चांगला असो, जमिनीचा कागद एकाच माणसाच्या तिजोरीत असेल तर त्या घरांना सहकारी म्हणणं कठीण जातं. म्हणून नुसता नकाशा वाचून भागत नाही. कागदही वाचावा लागतो. दोन्हींची साक्ष जुळली तरच विश्वास ठेवावा.

एक आक्षेप कोणीतरी घेईलच, म्हणून आधीच घेतो. आज त्या नोकरांच्या खोल्यांत कोणी राहत नाही. दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठं स्वयंपाकघर केलंय, कुठे मुलांचा अभ्यास, कुठे कपडे धुण्याची यंत्रं. मग जुना नकाशा आज काय बिघडवतो? आमचं उत्तर असं. भिंती पडतात, पण वाटा टिकतात. मागची लिफ्ट अजून आहे, आणि घरपोच सामान आणणारा मुलगा आजही बहुतेक ठिकाणी तिनेच जातो. घराचा वापर बदलला म्हणून इमारतीची वृत्ती बदलली असं होत नाही. ती बदलायला कोणीतरी सभेत उभं राहून तसा ठराव मांडावा लागतो.

आणि इथे हा विषय आपल्या दारात येतो. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने. आपल्या देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांची वाट मोकळी केली, आणि तीन वर्षांत घरासाठी तिचा उपयोग झाला. गावी आधार सुटलेल्या, मुंबईत भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या मध्यमवर्गीयांना तिने हक्काचं छप्पर दिलं. नावातच समाज आहे, हे त्या काळाला धरूनच होतं. अनोळखी शहरात माणूस आधी ओळखीच्यावर विश्वास टाकतो. आल्कुचे फिन आणि ब्राँक्सचे शिंपी यांनी वेगळं काय केलं?

पण आरंभाची सोय आणि कायमचा नियम यांत अंतर असतं. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा खुल्या सभासदत्वाचं तत्त्व मांडतो : पुरेशा कारणाशिवाय प्रवेश नाकारता येत नाही, आणि नकाराची कारणं कळवावी लागतात. न्यू यॉर्कच्या मंडळाला जे मौन परवडतं, ते आपल्या कार्यकारिणीला कायद्याने परवडत नाही. मघाशी म्हटलेला फरक तो हाच, आणि तो आपल्या बाजूचा आहे. उलट, अहमदाबादमधल्या, १९२५ च्या मुंबई कायद्याखाली नोंदलेल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. छोट्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं आम्ही समजू शकतो. पण शहरातली प्रत्येक संस्था तेच म्हणू लागली तर ज्याचा समाज मोठा नाही, किंवा ज्याला कोणत्याच समाजाच्या नावाने ओळखलं जायचं नाही, त्याने राहायचं कुठे? भाड्याचं घर शोधताना आडनाव, आहार, धर्म विचारला गेल्याचा अनुभव समोर बसलेल्यांपैकी अनेकांना असेल. तो प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नसतो. सोसायटीच्या जिन्यात असतो.

सध्या आपल्या शहरांत जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधण्याचं सत्र सुरू आहे. पुनर्विकासाच्या बैठकांत चर्चा होते ती चौरस फुटांची, पार्किंगची आणि कॉर्पसच्या रकमेची. होऊ दे, ती आवश्यकच आहे. पण विकासकाचा नकाशा टेबलावर पसरला जाईल तेव्हा तीन गोष्टी त्यावर शोधा, एवढीच आमची विनंती. पहिली : घरकामाला येणाऱ्या बाईंची वाट कुठून जाते, आणि त्यांना बसायला, हातपाय धुवायला जागा आहे का? नव्या मनोऱ्यांत ‘सर्व्हिस लिफ्ट’ दिसली की विचारा, ती सामानासाठी आहे की माणसांसाठी. दुसरी : मोकळी जागा कुठे ठेवली आहे? घरांच्या आत, गच्चीवर फक्त काहींसाठी, की खाली सगळ्यांच्या मध्ये, जिथे म्हातारी माणसं आणि मुलं एकमेकांच्या नजरेत राहतील? तिसरी : नवा सभासद घेताना नकार द्यायचा झाला तर कारण लेखी देण्याची तयारी आहे का?

कँडेलाकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. जाड भिंत घ्या, घरातला उंबरठा घ्या, आतून बाहेर आखत जाणारी खिडकी घ्या. ब्राँक्सकडून बाग घ्या, आणि घर म्हणजे सट्टा नव्हे ही समजही घ्या, जमेल तितकी. दुसरं दार मात्र कोणाकडूनही घ्यायचं कारण नाही. एकाच दाराने सगळे आत आले तर बैठकीची शोभा थोडी कमी होईल, कधी भाजीच्या पिशव्या पाहुण्यांच्या चपलांशेजारी येतील. तेवढं चालवून घेता आलं पाहिजे.

वेळ झाली. प्रश्न असतील तर आता घेऊ. विशेषतः ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत त्यांनी आधी विचारावं.